मनकर्णाचा पाट

आपल्या मराठी भाषेला एकदा कुणीतरी उभं करून विचारलं पाहिजे, की बाई गं, एका शब्दात किती गोष्टी कोंबतेस? पाट म्हणजे बसायचा. पाट म्हणजे पाण्याचा. आणि नवरा गेलेल्या बाईनं दुसरं घर केलं, तर तोही पाटच. पहिल्या दोघांनी कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. तिसऱ्यानं मात्र बोरदरीच्या मनकर्णाला पुरतं घोळात टाकलं.

बोरदरी म्हणजे औंढ्याहून बारा-तेरा किलोमीटर आत, डोंगराला टेकून बसलेलं गाव. निजामाच्या अमलात तिथल्या कुण्या देशमुखानं ओढ्याला दगडी बंधारा घातला, बंधाऱ्यापासून अर्धा कोस पाट काढला आणि पाटाच्या टोकाला पनचक्की बसवली. चक्की पाण्यावर फिरायची आणि अख्ख्या गावाचं दळण निघायचं. पुढं वीज आली, गावात विजेची चक्की आली, आणि पाट आपोआप बुजत गेला. त्यात गाळ बसला, बेशरमाची झुडपं माजली, वेड्या बाभळींनी ठाण मांडलं. चक्कीच्या छपराखाली शेळ्या बसायला लागल्या. पन्नास वर्षं कुणाला त्याची आठवण झाली नाही.

आठवण झाली ती सोमेश्वर गुरुजींना. मास्तर माणूस रिटायर झाला की त्याला काहीतरी आठवतंच. गुरुजींनी ग्रामसभेत मांडलं, की पाट मोकळा करू, चक्की फिरवू, तिच्यावर हळद दळू आणि नागनाथाच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांना पाण्यावर दळलेली हळद देऊ. सरकारच्या दारात जायचं नाही, सगळं श्रमदानानं करायचं. घरटी एक माणूस, रोज सकाळी सहा ते साडेआठ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय लागतं!

तातेरावांच्या घरचा माणूस म्हणून धाकटा लेक मुन्ना गेला. तीन दिवस गेला आणि चौथ्या दिवशी त्याची कंबर धरली. सभेत शब्द दिलेला, तो खाली पडू द्यायचा नव्हता, म्हणून तातेराव थोरल्या सुनेला म्हणाले, "मनकर्णा, उद्यापून तू जा. पुण्याचं काम हाय. खाली मान घालून जायचं, खाली मान घालून यायचं. साडेआठला घरी."

मनकर्णाचा नवरा नागोराव आठ वर्षांमागं वारंगा फाट्यावर ट्रकखाली आला. तेव्हा त्यांची आरोही दोन वर्षांची होती. तेव्हापासून मनकर्णा घरात. आता तुम्ही म्हणाल, सासरा खाष्ट असेल, कोंडून घालत असेल. अहो, तसं असतं तर बरं झालं असतं, चार लोकांत रडता तरी आलं असतं! तातेराव भला माणूस. दिवाळीला पहिली साडी मनकर्णाला, मग धाकटीला. जेवायला बसले की आधी विचारणार, "मनकर्णा जेवली का?" पण बचत गटाची बैठक असली की, "प्रियंका जाईल." प्रियंका म्हणजे मुन्नाची बायको. दवाखान्यात जायचं तर सोबत मुन्ना. एकदा अंगणवाडीत जागा निघाली. बारावी पास मनकर्णानं अर्ज भरून सासऱ्याच्या हातात दिला. त्यांनी तो खिशात घातला, आणि तो खिशातच राहिला. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझ्या नागोरावची अमानत हाय ती. अमानत जपून ठेवावी लागती." पेटीत ठेवलेल्या अमानतीचा जीव गुदमरतो का, हे कोण कशाला विचारतंय.

तर मनकर्णा श्रमदानाला गेली. पहिल्या दिवशी टोपली उचलली, आणि थंडीत तोंडातून वाफ निघताना बघून तिला उगाच हसू आलं. तिला आनंद झाला होता, दुसरं काही नाही. दुसऱ्या आठवड्यात तिच्या हातात टोपलीच्या जागी नळी आली.

ती नळी भिवाजी मिस्त्रीची. औंढा-हिंगोलीकडची कितीतरी घरं भिवाजीच्या हातची. साठी उलटलेली, तरी तो आणि त्याची बायको पद्माबाई रोज न चुकता पाटावर. पाट खोदणं म्हणजे नुसती माती उपसणं नव्हे, बरं का. पन्नास फुटाला एक बोट उतार पाहिजे. जास्त झाला तर पाणी माती घेऊन पळतं, कमी झाला तर बसून राहतं. ते बघायला पन्नास फुटांची पारदर्शक नळी, आत पाणी भरलेलं. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं. नळी कशीही वळवा, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. तिथं खूण करायची आणि त्या खुणेवरून खाली मोजायचं. पोरांना एवढा धीर कुठला? ती नळी हलवायची, हसायची, खूण चुकायची. मनकर्णानं धरली ती दगडासारखी. पाणी थांबेपर्यंत श्वास सोडला नाही.

"बराबर," भिवाजी म्हणाला.

आठ वर्षांत तिला जपणारे होते, कीव करणारे होते, पण तू बराबर केलंस असं म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. तो शब्द तिनं घरी नेला आणि भाकरी थापताना दोनदा स्वतःशीच म्हणून बघितला.

मग दिवसच फिरले म्हणा ना. महिन्याभरात पाटावर कुणी अडलं की, "मनकर्णाबाईला विचारा." गुरुजी वहीत तिच्या खुणा उतरवून घ्यायचे. साडेआठला ती घरी यायची, पदर सारखा करायची आणि चुलीपुढं बसायची. घरी कुणी विचारलं तर, "माती उचलली," एवढंच. नळीचं नाव काढलं नाही. नाव काढलं की तीही खिशात जाईल, ही धास्ती.

पौष संपत आला आणि पाटही संपत आला. चक्कीपर्यंत सत्तर फूट राहिले. लोक खूश होते. मनकर्णा मात्र रोज सकाळी उरलेले फूट मोजायची. सत्तर फूट म्हणजे फार तर सहा दिवस. मग पुन्हा ती, चूल, आणि "मनकर्णा जेवली का?"

आणि तिनं एक वंगाळ काम केलं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की नळी खोटं बोलते, हे भिवाजीनंच तिला शिकवलं होतं. तिनं तो मुद्दाम राहू दिला. खूण चार बोटं खाली पडली. वीस माणसांनी तीन सकाळी राबून पाट चार बोटं जास्त खोदला. मग भिवाजीच्या लक्षात आलं. पुन्हा मुरूम टाका, पाणी मारा, धुम्मसनं ठोकून दाबा. आठ दिवस वाढले.

भिवाजीनं चारचौघांत काही काढलं नाही. लोक चहाला गेल्यावर तो तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"बाई, नळीत बुडबुडा व्हता."

"चुकलं, काका."

"चुकलं असतं तर मी बोललोच नसतो. दोन-अडीच महिन्यात तुमचं एक बोट इकडचं तिकडं झालं न्हाई. काहून केलं?"

मनकर्णाला रडू फुटलं. "काका, पाट झाला की मी घरात. मग बाहेर कवा पडंन, काय माहीत. तिरडीवरच पडंन."

भिवाजीला राग आलेलाच होता. "वीस जणांचा घाम गेला त्याच्यात. माझ्या पद्माचा बी गेला," तो म्हणाला. मनकर्णानं मान खाली घातली. मग त्यानं हातातले मुरमाचे खडे बाजूला टाकले. "हे बघा. चक्कीला रोजचं माणूस लागनार. पाण्याचं दार उघडायचं, पाणी किती सोडायचं ते बघायचं, दळन घ्यायचं. तुमच्याहून बराबर कोन करंल? पर तुमी तोंडच उघडत न्हाई. तोंड उघडा, बाई. लोकायला कळलं तर लोक करत्यात. कळलंच न्हाई तर कसं करतील?"

हे तिला पटलं. इतकं पटलं, की त्या दिवशी घरी जाताना तिनं मान खाली घातली नाही. खरंच की! आपण आठ वर्षांत तोंडानं काही मागितलंच कुठं? कळलं तर करतील.

चार दिवसांनी भिवाजी नातेवाइकाकडं नरसीला गेलेला. नळीचं दुसरं टोक धरायला नरसिंग उभा राहिला. नरसिंग ट्रॅक्टरवाला. गाळ वाहायला त्यानं ट्रॅक्टर फुकट दिला होता. बायको दोन वर्षांमागं वारलेली, स्वभावानं गाय. दोघांत पन्नास फुटांचं अंतर, आणि बोलणं काय तर "धरलं का?" "धरलं." "सोडा." एवढंच. पण मुन्नाला कुणीतरी तेवढंच सांगितलं, आणि मुन्नानं बापाचे कान भरले, की काम कधीच संपाया पायजे व्हतं, वहिनी आन् नरसिंग मिळून लांबवून राहिलेत.

तातेराव काठी टेकत पाटावर आले. वीस-पंचवीस माणसं होती, गुरुजी होते. "मनकर्णा, बास झालं. घरी चल."

"मामा, थोडंच राहिलंय."

"घरी काय कमी केलं म्या तुला? सांग ह्या पाच माणसांत. खायला कमी केलं? ल्यायला कमी केलं? सांग, काय पायजे तुला?"

हा प्रश्न घरात हजार वेळा झाला होता आणि "काही नको, मामा" हे उत्तर ठरलेलं होतं. पण आज तिच्या डोक्यात भिवाजीचं बोलणं घुमत होतं. तिनं तोंड उघडलं. आठ वर्षांचं गंजलेलं तोंड ते, मोठ्यानं उघडलं.

"मामा, मला पाट पायजे."

कुदळी थांबल्या. मग मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि तिला कळलं आपण काय बोलून बसलो. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं तिला. "ह्यो! ह्यो पाट! पान्याचा!" म्हणत तिनं हात पुढं करून दाखवला. नशीब बघा, त्याच हातात नळी होती, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला नरसिंग उभा होता. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"शाब्बास!" गुरुजी ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी. "शाब्बास, पोरी! पाच माणसांत, सासऱ्याच्या तोंडावर! याला म्हणतात सुधारणा! तातेराव, काळ बदलला आहे. विधवेलाही मन असतं." आणि जे भाषण त्यांनी नोकरीच्या तीस वर्षांत मनात घोळवलं होतं, ते सगळं तिथं झालं. मनकर्णा मध्येच "गुरुजी, तसं न्हाई" म्हणत होती. कोण ऐकतंय!

तातेराव ओरडले नाहीत. काठी टेकत वळले आणि म्हणाले, "घरी चल."

घरी त्यांनी एकदाच सांगितलं. "आपल्या घराण्यात पाटाची रीत न्हाई. तरी तुला जायचंच असंल तर जा, मी आडवा येत न्हाई. पर नागोरावचं लेकरू हितंच राहील. आरोहीला घेऊन कुनी ह्या घराचा उंबरा वलांडनार न्हाई."

"मामा, मी पान्याच्या पाटाचं म्हणले. आरोहीशपथ."

"लेकराची शपथ घालू नको," ते म्हणाले आणि उठून गेले.

तिचं श्रमदान बंद झालं. प्रियंका तांदूळ निवडताना हळूच म्हणाली, "ताई, नरसिंगभाऊ चांगला माणूस हाय म्हणत्यात. मारत-बिरत न्हाई." मनकर्णानं कपाळावर हात मारून घेतला. मग गुरुजी आले. तातेरावांनी त्यांना ओसरीवर बसवलं, चहा दिला, पण बोलले नाहीत. मनकर्णा दाराआडून म्हणाली, "गुरुजी, मला लगीन करायचं न्हाई. मला चक्कीवर काम पायजे." गुरुजींनी ओसरीकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि डोळे मिचकावले. "कळलं, कळलं. इथं तुला मोकळं बोलता येत नाही. चक्की नरसिंगच्याच ताब्यात द्यायची आहे, तू काळजी करू नकोस. पाणी सोडायच्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीरच करतो." तिनं दारावर डोकं टेकलं. एकाला खरं सांगितलं तर शपथ खोटी वाटते, दुसऱ्याला सांगितलं तर त्याला ती आपली लाज वाटते. कुणाला सांगावं आता?

भिवाजी येऊ शकला असता, पण तातेरावांच्या ओसरीवर येऊन सुनेबद्दल बोलायचं, म्हणजे मुन्नाला आणखी एक निमित्त. त्यानं पद्माबाईला पाठवलं. प्रियंकानं तिला दारातूनच परत लावलं, मनकर्णा झोपलीय म्हणून. मनकर्णा मागं भांडी घासत होती.

पाणी सोडायच्या सकाळी ती आरोहीची वेणी घालत बसली होती. पोरीनं मान न वळवता विचारलं, "आई, तू मला सोडून जाणार हाइस का? मुन्नाकाका म्हणून राहिला व्हता."

मनकर्णाच्या हातातली वेणी सुटली. "न्हाई गं माय. कुटं बी जात न्हाई."

तातेराव दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. ते आत आले. म्हणाले, "आज गुरुजी सगळ्यांत ह्यो विषय काढनार हायत. पाच माणसांत मागितलास, पाच माणसांतच नको म्हन. मग आरोही तुजी, घर तुजं, किल्ल्या बी तुज्याच. मी मागचं काढनार न्हाई."

किल्ल्या! तिला हसावं की रडावं कळेना. तरी तिनं मान डोलावली. दुसरं काय करणार? एका बाजूला पोरगी होती.

चक्कीपाशी अख्खा गाव लोटलेला. शेळ्या हाकलून छपराला चुना दिला होता, दगडाच्या जात्याला हळद-कुंकू लावलं होतं. भिवाजी वर बंधाऱ्यावर होता, दार त्यानं उघडायचं होतं. तिथून पाणी खाली यायला अर्धा तास. तेवढ्यात गुरुजींनी माइक घेतला. पाटाचा इतिहास झाला, श्रमदानाचं झालं, आणि मग, "आज आणखी एक पाट मोकळा होतो आहे!" लोक हसले, टाळ्या पडल्या. नरसिंग इस्त्रीचा शर्ट घालून एका कडेला बुटाकडं बघत उभा. "मनकर्णा, पुढं ये. घाबरू नकोस."

ती पुढं गेली. माइक तिनं घेतला नाही.

"मला पाट नको," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं.

बोलताना तिच्या पायाशी तोच पाट होता. एकेक बोट उतार तिनं मोजलेला. त्याला पाठ दाखवल्यासारखं वाटलं तिला. गुरुजींचा चेहरा पडला. नरसिंगनं मान आणखी खाली घातली. तातेरावांनी मोठा श्वास सोडला आणि डोळे पुसले.

पण मनकर्णा जागची हलली नाही. "पुढचं बी ऐका," ती म्हणाली. "नवरा नको मला. कुनाचंच घर नको. मला ही चक्की पायजे. सकाळी यीन, दार उघडीन, दळीन, दिवस मावळायच्या आत कुलूप लावून आरोहीकडं घरी जाईन. कोन्या बाप्याचा संबंध न्हाई. मला काम पायजे, बाहेर यायला पायजे. बास, एवढंच."

या वेळी एकाही शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. लहान पोराला कळलं असतं. कुणी हसलं नाही, टाळी वाजली नाही. आत्तापर्यंत सुधारणेवर घडाघडा बोलणाऱ्या गुरुजींनी माइक या हातातून त्या हातात घेतला. "हं... बघू. समितीत ठेवू," ते म्हणाले. बायकांनी एकमेकींकडं बघितलं.

"पाणी आलं! पाणी आलं!" वरच्या अंगाला पोरं ओरडली. सुटका झाल्यासारखी माणसं तिकडं पळाली, गुरुजी सगळ्यांच्या पुढं. गढूळ पाणी पाचोळा लोटत आलं, सत्तर फुटांच्या त्या तुकड्यावरूनही न थांबता गेलं आणि चक्कीत शिरलं. आत दगड घरघरला, गाव ओरडला.

तातेराव तेवढे मागं राहिले. ते तिच्याकडं बघत होते. असं त्यांनी तिच्याकडं कधी बघितलं नव्हतं.

"तवा बी तू पाण्याच्याच पाटाचं म्हणत व्हतीस."

"व्हय, मामा."

"आन् मला वाटलं..." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं माझं. लई तकलीफ दिली तुला. आता कळलं मला, पोरी."

मनकर्णानं वर बघितलं. भिवाजीकाका म्हणाले तेच, कळलं तर लोक करतात. "मग, मामा? येऊ मी उद्यापून?"

तातेरावांनी हात काढून घेतला.

"कळलं," ते म्हणाले. "पर न्हाई. चल, आरोहीला हाक मार."